तात्या विंचू, चकी आणि आमच्या घरातल्या सीड्या

गेल्या रविवारी दादाचा मुलगा राहायला आला होता, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी २०१९ चा चाइल्ड्स प्ले लावला, तोच तो चकी बाहुल्याचा सिनेमा, नव्याने केलेला. संपल्यावर तो म्हणाला, "ठीक होता गं आत्या, टाइमपास," आणि झोपायला गेला. मी जागीच. मला राग आला होता, त्याच्यावर नाही, सिनेमावर, आणि सकाळी चहा टाकताना पण तो गेला नव्हता तेव्हा ठरवलं की हे एकदाचं लिहून काढायचं. कारण हा एका सिनेमाचा राग नाहीये, गेली वीस-बावीस वर्षं भाड्याच्या सीड्या, विकतच्या सीड्या, कुणाकुणाकडून मागवलेल्या डीव्हीड्या बघून बघून साठलेला आहे.

आधी थोडं मागचं. साताऱ्याला आमच्याकडे २००१ मध्ये व्हीसीडी प्लेअर आला, दादाच्या बारावीच्या मार्कांचं बक्षीस म्हणून, आणि चौकात सीडी लायब्ररी होती तिथे आम्ही मेंबर झालो. दोनशे रुपये डिपॉझिट, एका सिनेमाचे दिवसाला दहा रुपये, संध्याकाळी सातच्या आत परत नाही दिली की अजून दहा. ज्यांनी व्हीसीडी वापरलीच नाही त्यांच्यासाठी सांगते, एका सीडीवर साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून मराठी सिनेमा दोन सीड्यांत आणि मोठा हिंदी असला तर तीन. चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेल एवढंच असायचं, त्यामुळे उजेडातला सीन असेल तर चालून जायचं पण रात्रीचा सीन आला की सगळे चौकोन चौकोन दिसायचे, आणि भुताच्या सिनेमात तर रात्रच असते, म्हणजे ज्यासाठी दहा रुपये दिले ते भूत काळ्या चौकोनांत कुठेतरी फिरतंय आणि आपण आवाजावरून अंदाज करतोय. सीडी अडकली की काढायची, मऊ बनियनने आतून बाहेर अशी पुसायची, गोल नाही फिरवायची, तरी नाही चालली तर टूथपेस्ट लावून चरे घासायचे. हे सगळं आम्ही केलंय.

मला आणि दादाला भुताखेताचेच सिनेमे लागायचे. लायब्ररीत त्यांचा वेगळा कप्पा होता आणि त्यातले निम्मे सिनेमे तिकडे अमेरिकेत थिएटरला लागलेलेच नसायचे, थेट डिस्कवर आलेले, वर हिंदी डबिंग. कव्हरवर जे दिसायचं ते आत नसायचंच. कव्हरवर जळतं शहर आणि राक्षस, आत चार माणसं एका गोडाऊनमध्ये बोलतायत, राक्षस शेवटच्या पाच मिनिटांत, तोही धुरात. आम्ही फसायचो आणि पुन्हा न्यायचो.

तिथे एक एसटीतले कंडक्टर यायचे, त्यांची रात्रीची ड्युटी असायची म्हणून दुपारी सिनेमे बघायचे, आमच्याहून जास्त बघायचे. आम्ही कुठली सीडी उचलली की ते लांबूनच सांगायचे, "नेऊ नको बाळ, नुसता वेळ काढलाय." आणि एखादीबद्दल म्हणायचे, "पैसा नव्हता बघ त्यांच्याकडे, पण जीव लावून केलंय." मला त्या वयात वाटायचं की सिनेमा म्हणजे एकतर चांगला नाहीतर वाईट. हा तिसरा प्रकार, पैसा नाही पण जीव लावलाय, तो मला त्यांनी दाखवला, आणि उलटा चौथा प्रकार मग माझा मलाच दिसायला लागला, पैसा आहे पण कुणाचा जीव नाही. रिमेक बहुतेक त्या चौथ्यात.

आता बाहुल्यांकडे येते.

झपाटलेला आला १९९३ ला. मी सात वर्षांची होते आणि पहिल्यांदा बघितला तो थिएटरात नाही, पुढच्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाने चौकात पडदा लावला होता तेव्हा, रस्त्यावर पोतं टाकून बसून. महेश कोठारेंचा सिनेमा, लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, आणि तात्या विंचू दिलीप प्रभावळकर. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे पण तरी, तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र शिकतो, पोलिसाच्या गोळीने मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि मग त्याला बाहेर पडायला लक्ष्याचं शरीर हवं असतं. ओम फट् स्वाहा म्हटलं की अख्खा चौक गप्प व्हायचा. माझ्या चुलत बहिणीने तर नंतर कित्येक महिने घरातल्या बाहुल्या उशाला ठेवू दिल्या नाहीत, फडताळात बंद करायची आणि वरून कडी.

कल्पना मूळची तिकडची, १९८८ च्या चाइल्ड्स प्लेची, हे मला खूप नंतर कळलं, कॉलेजात. तेव्हा जरा वाईट वाटलं होतं खरं. पण मग तो १९८८ चा पण बघितला आणि पुन्हा झपाटलेला बघितला आणि वाईट वाटणं गेलं. कारण कोठारेंनी आपल्या मातीतली एक गोष्ट त्यात आणली, नायकच शब्दभ्रमकार केला, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. म्हणजे बाहुला बोलला तरी लोक म्हणणार लक्ष्याच बोलतोय. बिचारा जीव तोडून सांगतोय की हा जिवंत आहे आणि त्याच्यावर विश्वास कुणीच ठेवत नाही, आणि न ठेवण्याचं कारण त्याचा स्वतःचाच धंदा! अमेरिकेच्या सिनेमात हे नाहीये. तिथे लहान मुलाचं कुणी ऐकत नाही एवढंच आहे, तेही चांगलंच आहे, पण हे आपलं आहे.

आणि बाहुला रामदास पाध्येंचा. अर्धवटराव ज्यांच्या घरातला, वडील य. के. पाध्येंपासून ज्या घरात बाहुल्या बोलतायत, त्या माणसाने तात्या विंचू केला आणि हलवला. डोळे कसे फिरतात, मान किती वळते, जबडा कधी उघडायचा, हे ज्याला पिढीजात माहिती आहे असा हात त्या बाहुल्याच्या मागे होता, आणि आवाज प्रभावळकरांचा. मेकॅनिकल करामती हॉलिवूडच्या मानाने साध्या होत्या, ते दिसतं पण. पण मला आजही तो बाहुला हललेला वाटत नाही, तो बघतोय असंच वाटतं. कंडक्टरकाकांच्या भाषेत पहिल्या नंबरचा जीव लावून केलेला सिनेमा.

त्याची पहिली व्हीसीडी आम्ही २००३-०४ च्या सुमाराला विकत घेतली, बसस्टँडसमोरच्या गाड्यावरून नाही हं, दुकानातून, छापील कव्हर, होलोग्राम वगैरे. घरी येऊन लावली तर कोपऱ्यात टीव्ही चॅनेलचा लोगो! कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली कॉपी कंपनीने छापून विकायला काढली होती. रंग उडालेले, लाल कपडा गुलाबी दिसतोय, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि दुसरी सीडी बरोबर अशा ठिकाणी सुरू होते की आधीचं वाक्य अर्धं पहिल्या सीडीत राहिलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण मला याचा जो त्रास होतो तो कुठल्याही टुकार सिनेमापेक्षा जास्त आहे, कारण टुकार सिनेमाची वाईट सीडी निघाली तर काय बिघडलं, पण ज्या लोकांनी एवढं मन लावून काम केलं त्यांचं काम पुढच्या पिढीला असं दिसणार, आणि ती पिढी म्हणणार की जुने मराठी सिनेमे असेच असायचे, फिक्कट आणि घोगरे. माझ्या भाच्याचं अगदी हेच मत होतं. त्याने झपाटलेला मोबाइलवर कुठल्यातरी सातव्या कॉपीवरून अर्धा बघून सोडलेला.

पुढे २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांत आणि डीव्हीडी चौतीस रुपयांत आणली तेव्हा आमच्या लायब्ररीचं गणितच मोडलं. दोन-तीन दिवसांच्या भाड्यात सिनेमा कायमचा घरचा होत असेल तर भाड्याने कोण नेणार. लायब्ररीवाल्यांनी वर्षभरात लायब्ररी बंद केली, सीड्या किलोवर नाही पण जवळजवळ तशाच विकल्या, आणि मी त्यातून भुताच्या कप्प्यातल्या चाळीसएक आणल्या. त्यात पापी गुडिया होता.

पापी गुडिया १९९६ चा, हिंदी, करिश्मा कपूर, अविनाश वाधवान, शक्ती कपूर. हा पण चाइल्ड्स प्लेवरूनच. मी आणि दादा खूप उत्सुकतेने बसलो होतो कारण एकाच कल्पनेवरचे इंग्लिश, मराठी, हिंदी असे तिन्ही बघून होणार होते. आणि दीड तासाने दादा म्हणाला, "यांना बाहुल्याची भीती वाटतच नाहीये, मग आपल्याला कशी वाटणार." मला वाटतं हे त्या सिनेमाबद्दलचं शेवटचं मत आहे. गाणी आहेत, रडारड आहे, मोठी नावं आहेत, बाहुला मात्र कुणीतरी आत्ताच तिथे आणून ठेवलाय आणि सीन झाला की उचलून नेणार आहे असा वाटतो. झपाटलेलाच्या मानाने यांच्याकडे स्टार पण मोठे होते आणि बाजारपेठ पण, हिंदी होती. पण बाहुल्याला कुणी आपला मानलं नाही.

आता १९८८ चा मूळ सिनेमा, कारण तो काय आहे ते सांगितल्याशिवाय २०१९ चा राग समजणार नाही. दिग्दर्शक टॉम हॉलंड (स्पायडरमॅन करतो तो वेगळा), मूळ लेखक डॉन मॅन्सिनी, बाहुला केव्हिन येगरने बनवला आणि आवाज ब्रॅड डूरिफचा. शिकागोमधला एक खुनी वूडूचा मंत्र म्हणून गुड गाय नावाच्या बाहुल्यात शिरतो. सहा वर्षांच्या अँडीला तो बाहुला वाढदिवसाला हवा असतो, आईकडे तेवढे पैसे नसतात, ती मागच्या गल्लीत एका फिरत्या माणसाकडून स्वस्तात घेते. सुरुवातीचा बराच वेळ बाहुला हललेला आपल्याला धड दाखवतच नाहीत. आणि मग तो सीन येतो, आई बाहुल्याचा रिकामा खोका उचलते आणि त्यातून बॅटऱ्या खाली पडतात. न वापरलेल्या. म्हणजे इतके दिवस हा बोलत होता तो बॅटरीशिवाय! ती हळूच बाहुला उलटा करते, पाठीचं झाकण उघडते, आत काही नाही. बस. कुठलाही खर्च नाही त्या सीनला, एक खोका आणि दोन बॅटऱ्या, आणि मी इतक्यांदा बघूनही माझ्या हाताला घाम येतो.

बाहुला चालवायला एका वेळी कितीतरी माणसं लागायची, एक ओठांना, एक भुवयांना, एक हातांना. आणि जिथे तो पळतो तिथे एड गेल नावाच्या ठेंगण्या नटाला बाहुल्याच्या कपड्यात घालून घराचे सेट मुद्दाम मोठे बांधले, म्हणजे त्याच्या शेजारची खुर्ची मोठी, दार मोठं, की तो बाहुल्याएवढा दिसावा. किती खटाटोप. (जाता जाता, बाहुला बनवणाऱ्या येगरने नंतर सिनेमातल्या आईशी, कॅथरीन हिक्सशी, लग्न केलं.)

पुढचे भाग मी सगळे बघितलेत, सगळे चांगले नाहीत. २००४ चा सीड ऑफ चकी मला अजिबात आवडला नाही, नुसती मस्करी करून ठेवलीये, आणि तो तर स्वतः मॅन्सिनीने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. म्हणजे आपलं पात्र आहे म्हणून माणूस चुकत नाही असं नाही. डिस्क संपल्यावर मी दादाला म्हटलं होतं की झालं, संपला चकी.

म्हणून २०१४ ला न्यू जर्सीचा मामेभाऊ लग्नाला येणार होता आणि त्याने विचारलं काय आणू, तेव्हा मी कर्स ऑफ चकी सांगितला खरा पण अपेक्षा शून्य होती. २०१३ चा, तिकडे थेट डिस्कवर काढलेला, थिएटरच नाही, आणि बजेट सुमारे पन्नास लाख डॉलर. १९८८ च्या पहिल्या सिनेमालाच नव्वद लाखांच्या आसपास लागले होते, म्हणजे पंचवीस वर्षांची महागाई धरली तर हा किती गरीब सिनेमा असेल बघा. थेट डिस्कवर, सहावा भाग, मॅन्सिनीच पुन्हा दिग्दर्शक. लायब्ररीच्या त्या कप्प्यातल्या सगळ्या फसवणुका आठवल्या मला.

शिवाय ती डीव्हीडी आमच्या प्लेअरला चालेना. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालणार ते तिच्या रीजनच्या नंबरावर ठरतं, अमेरिकेची डीव्हीडी रीजन १ ची असते, भारताचा रीजन ५. व्हीसीडीला असलं रीजनबिजन काही नसायचं त्यामुळे आम्हाला हे माहितीच नव्हतं. मग लॅपटॉपवर लावली तर तो म्हणाला रीजन बदला, पण फक्त पाच वेळा बदलता येईल, नंतर जो असेल तो कायमचा. मी एक वेळ खर्च केली.

आणि काय सांगू, तो सिनेमा इतका चांगला निघाला की मी संपल्यावर लगेच सुरुवातीपासून पुन्हा लावला. एक जुनं मोठं घर, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं, जवळजवळ सगळं एका रात्रीत. नायिका निका व्हीलचेअरवर आहे, घरात वर जायला जुनी लिफ्ट, आणि वीज गेली तर ती लिफ्ट बंद, हे आपल्याला पहिल्यापासून माहिती असतं आणि आपण वाट बघत बसतो. निका झालीये फियोना डूरिफ, म्हणजे बाहुल्याला आवाज देणाऱ्या ब्रॅड डूरिफची सख्खी मुलगी. बापाचा आवाज असलेला बाहुला मुलीच्या मागे लागलाय. पैसे कमी आहेत ना, मग घर एकच घेऊ पण त्या घराचा कोपरा न् कोपरा वापरू, असा विचार कुणीतरी बसून केलाय हे दर सीनला दिसतं.

त्यात जेवणाचा एक सीन आहे. सगळं कुटुंब टेबलाभोवती, एक पाद्रीबाबा पण आलेत, सगळ्यांना राजम्यासारखी आमटी वाटीवाटीने वाढलीये, आणि त्यातल्या एका वाटीत बाहुल्याने उंदराचं विष घातलंय. विष पडताना आपण बघितलंय पण वाटी कुणाकडे गेली ते माहिती नाही. कॅमेरा वरून, छतावरून, सगळ्या वाट्या गोल दिसतायत, माणसं गप्पा मारतायत, चमचा उचलतायत, ठेवतायत, कुणी दोन घास खातंय, कुणी नुसतंच ढवळतंय. एवढंच. एक टेबल, चार-सहा वाट्या. मी श्वास धरून बसले होते. कुणाच्या वाटीत होतं ते सांगणार नाही, बघा तुम्ही. आणि शेवटी नावं वर सरकत असतात ना, तेव्हा बंद करू नका, त्यानंतर अजून आहे, आणि ज्यांनी पहिला भाग लहानपणी बघितलाय त्यांच्यासाठीच ते ठेवलंय.

२०१७ चा पुढचा भाग पण थेट डिस्कवरच आला, त्यात गोंधळ फार घातलाय, मला निम्मा आवडला. पण निम्म्यात सुद्धा त्यांना बाहुल्याची माया आहे हे कळतं.

गंमत म्हणजे, म्हणजे योगायोग, २०१३ मध्येच आपल्याकडे झपाटलेला २ आला. मराठीतला पहिला थ्रीडी. मी आणि दादा पुण्यात पहिल्याच आठवड्यात गेलो, चष्मे लावून, आणि तात्या विंचूचा आवाज आला, पुन्हा प्रभावळकर, बाहुला पुन्हा पाध्येंचा, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या आणि माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पण सिनेमात लक्ष्या नाही. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले. सिनेमावाल्यांचा यात काही दोष नाही, आदिनाथ कोठारे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर सगळे मेहनत करतायत, पण झपाटलेला अर्धा तात्या विंचूचा आणि अर्धा त्याला घाबरणाऱ्या लक्ष्याचा होता. लक्ष्या घाबरला की आपण आधी हसायचो आणि हसता हसता घाबरायचो, ते दोन्ही एकाच चेहऱ्यावर करणारा माणूस गेला. नंतर घरी टीव्हीवर बघितला तेव्हा अजून एक कळलं, थ्रीडीसाठी केलेल्या गोष्टी साध्या टीव्हीवर पोरक्या होतात. थिएटरात जे अंगावर येतं ते घरी नुसतंच कॅमेऱ्याकडे येतं आणि थांबतं. मी निराश झाले, पण हे निराश होणं दुःखाचं होतं, रागाचं नाही.

राग २०१९ चा.

त्याची गोष्ट अशी की पहिल्या सिनेमाचे हक्क एका स्टुडिओकडे राहिले आणि दुसऱ्या भागापासूनचे दुसऱ्याकडे. पहिल्यावाल्यांनी रिमेक केला, मॅन्सिनीशिवाय, ब्रॅड डूरिफशिवाय, आणि तेव्हा हे दोघं आपला खरा चकी अजून चालवत होते! २०२१ मध्ये त्यांनी त्याची मालिका पण आणली. म्हणजे घरातली माणसं घरात राहत असताना कुणीतरी दाराला दुसरी पाटी लावली. बजेट सुमारे एक कोटी डॉलर, कर्सच्या दुप्पट.

आता भाच्याची बाजू आधी मांडते कारण तो मूर्ख नाही. यात मंत्रबिंत्र नाही, बाहुला म्हणजे स्मार्ट यंत्र आहे, बडी नावाच्या मॉडेलचं, घरातला टीव्ही, दिवे, गाडी सगळं त्याला जोडलेलं. व्हिएतनामच्या फॅक्टरीतला एक गांजलेला कामगार नोकरीवरून काढल्यावर एका बाहुल्याची सगळी बंधनं काढून टाकतो. अँडी आणि त्याचे मित्र टीव्हीवर मारामारीचा रक्तबंबाळ सिनेमा बघून हसत असतात, आणि बाहुला शिकतो की हे केलं की माझा मित्र हसतो. भाचा म्हणाला, "आत्या, आमच्या घरी अलेक्सा आहे, मला हे मंत्रापेक्षा खरं वाटतं." बरोबर आहे त्याचं. तो सीन मला पण आवडला, आणि बेअर मक्रिअरीने खेळण्यातली वाद्यं वापरून संगीत केलंय तेही छान आहे. या कल्पनेवर वेगळ्या नावाचा, वेगळ्या चेहऱ्याचा सिनेमा केला असता तर मी स्वतः दहा जणांना सांगितलं असतं.

पण नाव चकी ठेवायचं, कपडे तेच घालायचे, कव्हरवर तेच लिहायचं, आणि आत तो नाहीच! जुना चकी म्हणजे छोट्या शरीरात अडकलेला एक चिडका, नीच माणूस होता, त्याला बाहेर पडायचं होतं, म्हणून तो धडपडायचा, दारामागे लपायचा, सुरी त्याला दोन हातांनी धरावी लागायची. नव्याला बऱ्याचदा स्वतः काही करावं लागत नाही, ड्रोन मारतात, गाडी मारते, तो बाजूला उभा राहून बोट पुढे करतो. मार्क हॅमिल आवाजाचे मोठे कलाकार आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण त्यांना बोलायला दिलंय काय तर मशीनची वाक्यं. आणि बॅटऱ्यांचा सीन तर होऊच शकत नाही, कारण हा चार्जिंगवरच चालतो हे सगळ्यांना पहिल्यापासून माहिती. ज्या एका क्षणावर मूळ सिनेमा उभा होता तो क्षण काढून टाकला आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही. शेवटी दुकानात कापाकापी, रक्त, आरडाओरडा. पाध्ये किंवा येगर यांच्यासारखा एखादा माणूस सेटवर उभा राहून "थांबा, हा असा बघणार नाही, त्याची मान आधी वळेल" असं म्हणतोय, असं मला एकदाही जाणवलं नाही.

हे सगळं मी सोमवारी सकाळी भाच्याला चहा देता देता सांगितलं, जवळजवळ अर्धा तास, आणि तो ऐकत होता, मध्ये मोबाइल पण बघितला नाही. मग म्हणाला, "बरं, तुझा तो गरीबवाला दे, बघतो." त्याच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाही. म्हणून मी माझा जुना लॅपटॉप काढला, त्याची रीजनची पाचवी वेळ पण मी मागेच वापरून टाकलीये, तो आता कायमचा १ वरच आहे, कर्ससाठीच ठेवलाय म्हटलं तरी चालेल. चार्जर, डीव्हीडी, माउस सगळं पिशवीत घालून दिलं आणि सोबत झपाटलेलाच्या दोन सीड्या पण दिल्या, लोगोवाल्याच आहेत, दुसऱ्या चांगल्या मला अजून मिळाल्या नाहीत, कुणाकडे बिनलोगोची, नीट रंगाची असेल तर खरंच सांगा, पैसे देऊन घेईन.

काल रात्री पावणेदोनला त्याचा मेसेज आला.

"आत्या पॉज केलंय. कुणाच्या वाटीत आहे ते सांग ना प्लीज"

मी नाही सांगितलं.